हेलियमच्या थेंबातला ऑक्टोबर

पाऊस गेला की उपनगरांतली हवा अशी अडकून बसते, की कुणीतरी वरून झाकण ठेवलंय असं वाटतं. नाहूरच्या आमच्या इमारतीत दुपारी खिडकीची चौकटसुद्धा हाताला चटका देते. दोरीवरचे कपडे वाळतात, माणूस काही वाळत नाही. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की पदराने वारा घेत म्हणतात, "ऑक्टोबर हीट गं, दरवर्षीचीच." दरवर्षीचीच, खरं आहे. मला मात्र ऑक्टोबरात जो संताप येतो, त्याचा घामाशी काही संबंध नाही.

यंदा तो संताप आमंत्रणाबरोबर आला. अंधेरी पूर्वेला ज्या संस्थेत मी संशोधन करायची, तिथल्या नवोन्मेष केंद्राचा वर्धापनदिन होता. 'विज्ञानातील स्त्रिया' या विषयावर मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा. खाली केंद्राचं ठिकाण होतं: मुख्य इमारत, तळमजला, उजवीकडची शेवटची खोली.

मी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ भांडी घासत राहिले. घासलेलीच पुन्हा घासली.

ती खोली मला डोळे मिटून चालता येईल इतकी ठाऊक होती. तिला खिडकी नव्हती. आत शिरलं की आधी पंपांची घरघर अंगावर यायची, मग कोमट तेलाचा वास. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्टीलची जाडजूड नळकांडी एकमेकांना बोल्टांनी जोडलेली, वरून चांदीसारखा कागद गुंडाळलेला. एका टोकाला थंडावा तयार करणारं यंत्र 'टक्-हुश्श, टक्-हुश्श' करत बसलेलं. डोक्यावरून सांताक्रूझच्या धावपट्टीकडे विमान उतरायला लागलं की टेबलावरचे आरसे सूक्ष्म थरथरायचे, आणि आम्ही दोघी विमान जाईपर्यंत आपोआप गप्प व्हायचो. मुलं झोपलेल्या घरात बायका बोलता बोलता थांबतात, तसं.

दुसरी म्हणजे सावंत मॅडम. ते यंत्र त्यांनी उभं केलं होतं. ठेंगणी बाई, सुती साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पाना. वडील कुडाळकडून येऊन गिरणीत लागलेले, गिरणी बंद पडल्यावर सगळं घर मुलुंडला गेलेलं. बाई परदेशात शिकल्या, तिथे राहायचं सोडून परत आल्या, आणि इथे आपल्या हातांनी हे नळकांडं जोडत बसल्या. एरवी बोलणं शुद्ध, मोजकं. पण बोल्ट अडला किंवा माणूस अडला की मालवणी बाहेर पडायची.

आम्ही तिथे काय करत होतो, हे मी पहिल्यांदा नीट सांगितलं ते आईला. आई घाटकोपरला पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका. ती ड्यूटीवरून आली, पाय गरम पाण्यात सोडून बसली आणि म्हणाली, "आज सांगच मला. लोक विचारतात, मी 'सायन्स' म्हणून वेळ मारून नेते."

मी म्हटलं, "आई, रेणू म्हणजे अणूंचा जोडलेला पुंजका. त्याची बांधणी कशी आहे ते प्रकाशानं कळतं. प्रत्येक बांधणी ठरावीक रंगाचाच प्रकाश शोषते. तो रंग ओळखला की बांधणी ओळखली. पण गरम असताना रेणू इतके थयथयाट करतात की सगळे रंग एकमेकांत माखून जातात. काही म्हणून काही दिसत नाही."

"मग?"

"मग हेलियमचा वायू अतिशय थंड करून एका बारीक भोकातून निर्वातात सोडायचा. त्याचे थेंब होतात. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे. त्या थेंबांइतकं थंड जगात फार कमी काही असतं. आणि त्यांच्यात घर्षण नावाची गोष्टच नाही. विद्युतभार असलेला एक रेणू, त्याला आयन म्हणतात, तो त्या थेंबाला गिळायला लावायचा. आत तो शांत होतो. मग लेझरचा रंग हळूहळू बदलत जायचा. बरोबर रंग आला की रेणू तो शोषतो, त्या उष्णतेनं भोवतालचं हेलियम उडून जातं आणि रेणू उघडा बाहेर पडतो. तो आम्ही टिपतो."

आईने विचार केला. "म्हणजे तुम्ही त्याला थंडीनं गारठवता, नि मग वर टॉर्च मारता. आवडता रंग आला की तो पांघरूण टाकून बाहेर येतो."

"हो गं. साधारण तेच."

"मग हे सोपंय की!" आई म्हणाली. "एवढं तोंड वेंगाडून का सांगतेस?"

सोपं नव्हतं ते. ते भोक केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. हेलियममध्ये हवेचा अंश जरी राहिला तरी तो गोठायचा आणि भोक चोंदायचं. मग सगळं सावकाश गरम करायचं, साफ करायचं, पुन्हा सावकाश थंड करायचं. त्यात ऑक्टोबर. खोलीतली दमट हवा थंड पाण्याच्या नळ्यांवर दव होऊन साचायची आणि थेंब थेंब खाली पडायची. फडकी घेऊन आम्ही आळीपाळीने फरशी पुसायचो.

आमचा प्रश्न एका साध्या रेणूचा होता. पूर्वी उन्हापासून वाचवणाऱ्या मलमात तो घालत. त्याला दोन टोकं, एकाला नायट्रोजन, दुसऱ्याला ऑक्सिजन. त्याला एक प्रोटॉन दिला, म्हणजे हायड्रोजनचा भार असलेला गाभा, तर तो कुठे बसेल? पाण्यात तो नायट्रोजनवर बसतो, हे माहीत होतं. पण पाणी काढून घेतलं, रेणू एकटा राहिला, तर? आधी झालेल्या कामांत मतं दोन्ही बाजूंनी होती आणि रेषा माखलेल्या. आम्हाला ती स्वच्छ बघायची होती.

त्याच महिन्यात नोटीस आली. खोली नवोन्मेष केंद्रासाठी हवी आहे, दिवाळीपूर्वी मोकळी करावी.

मॅडमनी अर्ज केला. त्यावर समिती बसली. त्यांनी मलाही सोबत नेलं. लांबलचक टेबल, बिस्किटांच्या बशा, टायवाले पुरुष. एकाने विचारलं, "पण मॅडम, याचा उपयोग काय? सामान्य माणसाला काय मिळणार?"

त्या प्रश्नाचा मला आजही तितकाच संताप येतो. त्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी संगमरवर बसवला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, सामान्य माणसाला काय मिळणार. हिरवळीवर रोज फवारे सुटतात, त्यांना कुणी उपयोग विचारत नाही. उपयोग फक्त आम्हाला विचारतात. आणि सामान्य माणूस म्हणजे कोण? माझे बाबा विदर्भातून येऊन बस डेपोत मेकॅनिक झाले. माझी आई बाळंतिणींची पथारी बदलते. तेच ना सामान्य? त्यांनी कधीच विचारलं नाही उपयोग काय. बाबा विचारायचे, "आज दिसलं का काही?" एवढंच.

मॅडम समितीला म्हणाल्या, "उपयोग मला आज माहीत नाही. खोटं सांगणार नाही."

टायवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ठरलं ते तिथेच.

आणि मग, जणू यंत्राला कुणीतरी सांगितलं, अशा तऱ्हेने ते चालायला लागलं. भोक चोंदेना. थेंब यायला लागले, आयन गिळायला लागले. एका दुपारी मॅडम पंपाखाली वाकून साचलेलं पाणी पुसत होत्या आणि मी पडद्यासमोर लेझरचा रंग सरकवत होते. प्रोटॉन नायट्रोजनवर बसला असता तर एका जागी ठसठशीत रेष यायला हवी होती, कार्बन आणि ऑक्सिजनच्या जोडीची. तो ऑक्सिजनवर बसला तर ती जोडीच बदलते आणि ती रेष तिथे येत नाही. मी त्या जागेवरून गेले. सपाट. मागे आले, पुन्हा गेले. सपाट. आणि जरा बाजूला, जिथे आम्ही कुणी पैज लावली नव्हती, तिथे सुईसारख्या उभ्या रेषा.

"मॅडम," मी म्हटलं. "ती रेष नाहीये."

त्या फडकं तसंच हातात घेऊन उठल्या. "कुठली रेष नाहीये?"

"तीच."

"पुन्हा घे."

पुन्हा घेतली. विमान आलं, थांबलो, विमान गेलं, पुन्हा घेतली. नव्हतीच. त्या स्टुलावर बसल्या, ओलं फडकं मांडीवर, साडी भिजतेय त्याची शुद्ध नाही. आणि हसायला लागल्या. "बसलो मेलो ऑक्सिजनार!" मालवणीत 'बसलो' म्हणजे 'तो बसला', हे मला कळायला क्षणभर लागलं. मग मीही हसले. त्या वेळी आख्ख्या अंधेरीत एवढी आनंदी माणसं दोनच असतील.

दसऱ्याला मॅडमनी पंपाला झेंडूचं तोरण बांधलं. आमच्या घरी त्या दिवशी पांढरे कपडे, पंचशील, बाबा दीक्षाभूमीला नागपूरला गेलेले. मी उशिरा प्रयोगशाळेत आले तर मॅडमनी विचारलं, "तुला चालेल ना गं हे तोरण?" मी म्हटलं, "पंपाला चालत असेल तर मला चालेल." त्यांनी पेढा दिला, मी आईने केलेली खीर. बाहेर रस्त्यावर आदल्या दिवसाच्या गरब्याची पत्रकं भिरभिरत होती. त्या दिवसाइतकं हलकं मला त्या खोलीत पुन्हा कधी वाटलं नाही.

एक चाचणी राहिली होती. रेणूतल्या साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घालायचा आणि तीच मोजणी परत करायची. योग्य त्या रेषा सरकल्या की कुणाला शंका घ्यायला जागा उरणार नाही. त्याला थोडा वेळ हवा होता. मॅडम संचालकांकडे गेल्या, मी बरोबर.

संचालक अगदी मृदू बोलले. त्यांनी चहा मागवला. "मुदत देतो ना. दिवाळी होऊन जाऊ दे, नाताळपर्यंत घ्या. फक्त एक. पेपरवर माझं नाव येऊ दे. शेवटी संस्थेतलं सगळं काम म्हणजे टीमवर्क."

मॅडमनी कप खाली ठेवला. "सर, त्या खोलीच्या दिव्याचं बटण कुठल्या बाजूला आहे?"

ते हसले. "हा काय प्रश्न झाला? असेल दाराच्या उजवीकडे."

"बाहेर आहे, सर. पॅसेजमध्ये. आत नाहीच."

"मॅडम, थोडं प्रॅक्टिकल व्हा."

"वीस वर्षं तेच करतेय, सर," मॅडम म्हणाल्या. "प्रॅक्टिकल." आणि उठल्या.

पॅसेजमध्ये मी त्यांना अडवलं. मला हसू आलं नव्हतं.

"मॅडम, एक नाव. शेवटी टाका. कोण वाचतं शेवटचं नाव?"

"तो वाचतो."

"वाचू दे ना! मोजणी पूर्ण होईल. माझी पीएचडी होईल. तुम्ही उद्या रिटायर व्हाल, माझं काय? माझ्या घरात पहिलीच आहे मी इथपर्यंत आलेली. तुमच्या तत्त्वांचं भाडं मी का भरू?"

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मग म्हणाल्या, "तुझा राग बरोबर आहे. पण ज्यानं बघितलं नाही, त्यानं बघितलं असं मी लिहिणार नाही. ते लिहिलं, तर आपण जे बघितलं त्याच्यावर कोण कशाला विश्वास ठेवेल?"

घरी आई भडकली. "तत्त्वं तिची, नि वाट लागली तुझी. वा!" बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "डेपोत मी जुळवलेल्या गाडीवर दुसऱ्यानं सही केली होती एकदा. अजून आठवतं."

दिवाळीच्या आधी कंत्राटदाराची माणसं आली. मॅडमनी विनवणी केली की यंत्र थंड आहे, एकदम बंद करू नका, सावकाश गरम होऊ द्या. मुकादम बिचारा खाली बघत म्हणाला, "बाई, आम्हाला वरून ऑर्डर आहे." मुख्य खटका खाली ओढला. पंपांची घरघर उतरत उतरत थांबली. मग कुणीतरी झडप उघडली आणि ऑक्टोबरची ती ओली, घामट हवा किंचाळत आत शिरली. जिथे वर्षानुवर्षं आम्ही हवेचा कण शिरू दिला नव्हता, तिथे. आयन टिपणाऱ्या नाजूक काचेच्या तबकड्या त्याच क्षणी गेल्या. लेझरचे आरसे एकाने गळ्यातल्या टॉवेलने पुसले, चांगल्या मनाने. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडल्या नाहीत. त्या प्रत्येक बोल्ट सुटताना बघत होत्या.

नळकांडी मागच्या आवारात गुलमोहराखाली टाकली. पुढे कित्येक पावसाळे ती तिथेच होती. स्टीलला गंज चढत नाही म्हणून आणखीच वाईट दिसायचं. नवंकोरं, आणि टाकलेलं.

होतं तेवढ्यावर आम्ही पेपर लिहिला. नियतकालिकाकडून उत्तर आलं: निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण जड हायड्रोजनची चाचणी करून दाखवा. मागणी रास्त होती. दाखवायला यंत्र नव्हतं. पुढच्या ऑक्टोबरच्या आत परदेशातल्या एका गटाचा पेपर आला. हेलियमचे थेंब, तोच रेणू, तेच उत्तर. प्रोटॉन ऑक्सिजनवर. त्यांनी आमचं काही चोरलं नव्हतं. त्यांची खोली कुणी मागितली नाही, इतकंच. पण बातम्यांत जेव्हा म्हणतात की आपल्याकडे संशोधन होत नाही, आपली मुलं मूलभूत काम करत नाहीत, तेव्हा मला टीव्ही फोडावासा वाटतो. होत नाही नव्हे. होत असतं, आणि तुम्ही येऊन खटका खाली ओढता.

मी संगणकावर रेणूंचे आकार काढून पीएचडी पूर्ण केली. मुलुंडच्या एका महाविद्यालयात शिकवते. वाईट चाललेलं नाही. मॅडमनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यांच्यावरचा माझा राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. पण त्या रागाखाली आदर आहे, आणि तो जास्त जड आहे.

तर, मी गेले त्या वर्धापनदिनाला. घाटकोपरहून मेट्रो, पुढे रिक्षा. शेवटच्या खोलीला आता काचेची भिंत आहे. आत रंगीबेरंगी गुबगुबीत गाद्या, भिंतीवर 'कल्पनेला पंख द्या'. आणि छताला टेकलेले फुगे. हेलियमचे. आम्हाला शेवटच्या महिन्यात एक सिलिंडर मिळेना.

माजी संचालक पहिल्या रांगेत, पाहुणे म्हणून. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "सरांच्या दूरदृष्टीमुळे हे केंद्र उभं राहिलं. पूर्वी या खोलीत नुसती अडगळ होती."

माझ्या कानात पंप सुरू झाले.

मी तयार केलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं. माईक घेतला. "इथे अडगळ नव्हती," मी म्हणाले. "इथे हेलियमच्या थेंबांचं यंत्र होतं. ते सावंत मॅडमनी बांधलं. या खोलीत, जिथे तो पिवळा फुगा आहे ना, साधारण तिथे, एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. आणि मग यंत्र तोडलं, कारण मॅडमनी एक नाव घालायला नकार दिला." मी सगळं सांगितलं. बटणाचं सोडून सगळं. आवाज चढला असेल. चढू दे.

टाळ्या पडल्या नाहीत. माजी संचालक फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होते. मग मागून एका विद्यार्थिनीने हात वर केला. "मॅम, पण तो ऑक्सिजनवरच का बसतो?"

इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी विचारलेला पहिला खरा प्रश्न. मी फळ्यावर रेणू काढला. "नायट्रोजनवर बसला तर भार त्याच एका टोकाशी अडकून राहतो. ऑक्सिजनवर बसला तर तो सगळ्या रेणूभर पसरतो. एकट्याला वाहावा लागत नाही." ती मुलगी लिहून घेत होती. मी तेवढ्यासाठी आले होते असं नंतर वाटलं.

परतताना थेट मुलुंडला मॅडमकडे गेले. त्यांनी कोकमाचं सरबत केलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच 'हं' म्हणाल्या.

"माझं नाव घेतलंस, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आणि तुझं?"

"माझं काय, मॅडम. यंत्र तुमचं."

त्यांनी पेला इतक्या जोरात ठेवला की सरबत टेबलावर सांडलं.

"यंत्र माझं. रेष नाही हे कुणी बघितलं?"

"आपण दोघींनी."

"खोटं बोलू नको. मी पंपाखाली होते, माझी पाठ होती. कुणी बघितलं?"

"मी."

"मग ते सांगितलंस तिथे?"

मी सांडलेलं सरबत पुसायला लागले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"त्यानं आपली नावं पुसली त्याचा मला राग आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तुझं तू स्वतःच पुसतंस? एवढ्यासाठी भांडलंय मी? आपल्यासारख्या घरातल्या पोरी एवढं करून शेवटी 'माझं काय' म्हणतात, याचा मला त्या माणसापेक्षा जास्त राग येतो. घरी जा नि लिही. समितीच्या भाषेत नको. सरळ लिही."

म्हणून हे लिहिते. घामाने कागदाला हात चिकटतो आहे, काकू जिन्यात कुणाला तरी 'दरवर्षीचीच' म्हणताहेत. एकटा रेणू, पाण्याविना, हेलियमच्या थेंबात गोठवला तर त्याचा प्रोटॉन ऑक्सिजनवर बसतो. अंधेरीच्या त्या खोलीत, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, हे मी पाहिलं. माझं नाव प्रज्ञा वानखडे.